शेत विका म्हणणारी आई

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. हे जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, २८ वर्षांचा आहे. आठ-नऊ महिन्यांपूर्वी त्याने बिटकॉइन म्हणजे ते इंटरनेटवरचं चलन, आणि तसलेच आणखी दोन-तीन कॉइन घेतले. पैसे स्वतःचे नव्हते हे मला आत्ता कळलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून ३ लाखांचं कर्ज काढलंय, २४ टक्के व्याजाने, तीन वर्षांसाठी. त्या कॉइनची किंमत आज १ लाख ९० हजार आहे. आता तो माझ्या निवृत्तीच्या पैशांतले ४ लाख मागतोय. म्हणतो, भाव खाली आहे तेव्हा अजून घेतलं की खरेदीची सरासरी खाली येते आणि सगळं भरून निघतं.

मी नाही म्हटलं. तर म्हणाला, "आई, तुझे साने गुरुजी असते ना, तर त्यांनी बिटकॉइनला पाठिंबाच दिला असता. सावकाराची वही कुणाला बघता यायची नाही. बिटकॉइनचे सगळे व्यवहार ज्या वहीत नोंदले जातात, ती सगळ्यांसमोर उघडी असते, तिच्यात खाडाखोड करता येत नाही. श्यामच्या वडिलांच्या काळात हे असतं तर त्यांचं घर गेलं नसतं." वर हेही म्हणाला, की आजोबांनी विप्रोचे शेअर आत्याच्या लग्नासाठी विकले, तीच चूक आपण पुन्हा करायची का?

ताई, मी इतकी वर्षं मुलांना 'श्यामची आई' वाचून दाखवली, आणि मला उत्तर सुचलं नाही. दोन आठवडे झाले, आमचं नीट बोलणं नाही. गुरुजींनी खरंच असं म्हटलं असतं का? आणि पैसे द्यावेत का? हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला असतो.

— एक आई, अमळनेर

उत्तर

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. पत्र तीनदा वाचलं. पैशांपेक्षा तुम्हाला ते गुरुजींचं वाक्य जास्त लागलंय, असं मला जाणवलं. आपण ज्यांचं नाव घेऊन पोराला वाढवलं, त्यांचंच नाव त्याने आपल्यासमोर टाकलं आणि आपण गप्प झालो. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. पैशांचं त्याच्यातूनच निघेल.

मुलगा म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. ते अर्धं तुम्ही त्याला मोकळ्या मनाने कबूल करा.

सावकाराची वही ही आपल्याकडे नुसती हिशेबाची वही कधीच नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि ते लोण पुढे पुणे-नगरकडच्या गावागावांत पसरलं. त्या लोकांना सावकारांच्या घरातून हवी होती ती कर्जखतं. ती हातात आली की ते जाळून टाकायचे. अंगठा आपला, मजकूर त्याचा, आणि वाचता तर येत नाही! अशा माणसाला त्या कागदाची किती भीती वाटत असेल, याचा विचार केला की अजून पोटात कालवतं. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तो त्यामुळेच. गुरुजी जन्मले १८९९ मध्ये, कोकणात पालगडला, खोताच्या घरात. घराणं नावाने मोठं होतं आणि आतून कर्जाने पोखरलेलं होतं. सावकाराचा माणूस दारात येणं म्हणजे काय, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं.

तेव्हा सगळ्यांना दिसणारी, कुणा एकाच्या मुठीत नसलेली वही ही कल्पना त्यांना आवडली असती का? मला वाटतं, आवडली असती. तुमच्याच गावच्या छात्रालयात ते रात्री जागून हाताने दैनिक लिहायचे आणि ते मुलांना वाचायला लावून ठेवायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. जे आहे ते सगळ्यांसमोर ठेवायचं, ही त्यांची रीतच होती. पुढे खानदेशात पीक बुडालं तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. बंद दारं त्यांना सहन होत नसत.

बिटकॉइनची सुरुवातही अशाच एका चिडीतून झाली. २००८ मध्ये अमेरिकेत मोठमोठ्या बँका कोसळल्या, आणि सामान्य माणसांची घरं जात असताना त्या बँकांना सरकारांनी वाचवलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. मधे बँक न ठेवता माणसाने माणसाला पैसे कसे पाठवावेत, हे त्यात मांडलं होतं. ३ जानेवारी २००९ ला त्या वहीचं पहिलं पान तयार झालं. त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या वर्तमानपत्रातली एक बातमी कायमची कोरून ठेवलेली आहे: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. ती कोरणाऱ्याच्या मनात काय होतं ते उघड आहे. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, हेही तेव्हाच ठरवलं गेलं, म्हणजे कुठल्या सरकारला हव्या तशा नोटा छापल्यासारखं करता येऊ नये. यात लबाडी काही नव्हती. तुमच्या मुलाला या गोष्टीने ओढलं असेल तर त्यात त्याची चूक मी मानत नाही.

बँकांवरचा राग मला परका नाही. मी स्वतः एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात २६ वर्षं काम केलं, आणि त्याच काळात आमच्या गावच्या एका पतसंस्थेत माझ्या आईचे ४० हजार अडकले. आई दर सोमवारी पासबुक पिशवीत घालून तिथे जायची. पासबुकावर आकडा छापलेला होता, शिक्का होता, सही होती. काउंटरवरचा मुलगा पुढच्या सोमवारी या म्हणायचा. दोन वर्षं ती गेली. त्या पासबुकाच्या कडा तिच्या हाताच्या घामाने मऊ झाल्या होत्या, ते अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हा 'बँकेत ठेव, तिथे सुरक्षित असतं' एवढं सांगून मी तुमच्या मुलाची समजूत घालणार नाही. त्याला ते पटणारही नाही.

आता उरलेलं अर्धं.

तो म्हणतो, ही वही तेव्हा असती तर श्यामचं घर गेलं नसतं. बाई, 'श्यामची आई' एकदा पुन्हा हातात घ्या. कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, असं ज्या रात्रीच्या गोष्टीचं नाव आहे, ती काढा. तिथे सावकाराने वहीत खाडाखोड केली म्हणून घर बुडालं असं कुठे आहे? घेतलेलं कर्ज खरं होतं. व्याज खरं होतं. वही अगदी चोख, उघडी, साऱ्या पालगडला दिसेल अशी असती, तरी तिच्यात तोच आकडा लिहिलेला असता. घर गेलं ते दुसऱ्या कारणाने. आई वडिलांना सांगत राहते, की जमीन विका, आधी या कर्जातून मोकळे व्हा. आणि वडिलांचा जीव त्या जमिनीत अडकलेला. वडिलार्जित जमीन विकायची कशी, लोक काय म्हणतील, दिवस पालटतील, थोडं थांबू. थांबत गेले आणि व्याज वाढत गेलं. मग वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसून नको ते बोलतो, आणि एरवी सगळं सोसणारी ती बाई आतून वाघिणीसारखी बाहेर येते. शेवटी जप्ती, दवंडी, अब्रूचे धिंडवडे. जी जमीन विकून सुटता आलं असतं, तीही हातची गेली आणि घरही.

हे सगळं गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून काढलं. तेव्हा आईला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. तेहतिशीतला माणूस आईची आठवण लिहायला बसतो आणि तिचं जमीन विका म्हणणं विसरत नाही. ती बरोबर होती आणि घरात तिचं कुणी ऐकलं नाही, हे त्यांना आयुष्यभर सलत असावं, असं मला ते पान वाचताना दरवेळी वाटतं.

आता तुमच्या मुलाकडे बघा. त्याच्या मोबाइलमधले ते कॉइन म्हणजे श्यामच्या वडिलांची जमीन आहे. विकवत नाही. विकलं तर तोटा झाला हे मान्य करावं लागतं, आणि न विकता ठेवलं की अजून काही बिघडलेलं नाही असं मनाला सांगता येतं. तिकडे व्याज मात्र रोज चढतंय. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: गुरुजी १९५० मध्ये गेले, बिटकॉइनबद्दल त्यांच्या तोंडी कुठलंच वाक्य घालण्याचा हक्क मला नाही, तुमच्या मुलालाही नाही. पण कर्ज काढून घेतलेल्या आणि विकवत नसलेल्या वस्तूबद्दल त्यांच्या आईने काय सांगितलं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते तुम्ही ३१ वर्षं वर्गात वाचलंत. उत्तर तुमच्याजवळ होतंच. पोराच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात म्हणून ते त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच.

आणि आणखी एक. गुरुजींचा पक्ष कष्टकऱ्यांचा होता. शेतकऱ्यांचं आणि कामकऱ्यांचं राज्य यावं म्हणून त्यांनी गाणी लिहिली, तुरुंग भोगला. सकाळी घेतलं, संध्याकाळी भाव चढला म्हणून विकलं, मधे कुठे नांगर नाही, माग नाही, कुणाच्या हाताला काम नाही. असा पैसा त्यांना आपला वाटला असता, हे मला काही केल्या पटत नाही. वही उघडी असावी यासाठी ते भांडले असते. भावाच्या चढउतारावर पैसे लावणं ही निराळी गोष्ट आहे. तुमचा मुलगा वहीचं कौतुक करतो आणि पैसे भावावर लावतो. कॉइन घेऊन नऊ महिने होत आले. एवढ्या दिवसांत त्याने बिटकॉइन देऊन एखादी वस्तू विकत घेतली का, कुणाला पैसे पाठवले का, हे त्याला विचाराच.

आता विप्रोचं. अमळनेरमध्ये राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही, मला कल्पना आहे. कंपनी १९४५ मध्ये तुमच्या गावात सुरू झाली, वनस्पती तेल-तूप काढायला. गावातल्या ज्या साध्या माणसांनी तिचे शेअर घेऊन पिढ्यान् पिढ्या ठेवले, ते कोट्यधीश झाले. ज्यांनी विकले त्यांच्या घरात ती हळहळ आजही जेवणाच्या ताटावर निघते. तुमच्या मुलाने लहानपणापासून हीच गोष्ट ऐकली असणार, आणि 'या वेळी आपण सोडायचं नाही' हे त्याच्या मनात तिथेच रुजलं असणार. त्याला समजून घ्या, पण दोन गोष्टी त्याच्यासमोर ठेवा. तो शेअर एका कारखान्याचा हिस्सा होता. शेंगदाणा आत जायचा, तेल-तूप बाहेर यायचं, ते विकून नफा व्हायचा आणि त्यातला वाटा शेअर घेणाऱ्याला मिळायचा. कॉइनच्या मागे असा धंदा नसतो. पुढचा माणूस आपल्यापेक्षा जास्त भाव देईल, यावरच त्याची किंमत उभी असते. दुसरं, २४ टक्क्यांनी कर्ज काढून, दर महिन्याला हप्ता भरत, कुणाला चाळीस वर्षं शेअर धरून बसता आलं असतं का? ज्यांनी ठेवले त्यांना ठेवता आले, कारण ते पैसे उसने नव्हते. आणि तुमच्या सासऱ्यांनी लेकीच्या लग्नासाठी शेअर विकले, यात मला तरी चूक दिसत नाही. घरात गरज होती, घरातली चीज विकली, कुणाच्या दारात हात पसरला नाही. हे मुलाला सांगा. आजोबांबद्दल घरात तो जे ऐकत आलाय, त्याची ही दुसरी बाजू त्याच्या कानावर कधी पडलीच नसेल.

भाव वर जातच नाही असं मी म्हणत नाही, नाहीतर तो लगेच मोबाइल काढून दाखवेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत ६९ हजार डॉलरच्या घरात होती. वर्षभरात ती १६ हजारांवर आली. डिसेंबर २०२४ मध्ये तिने १ लाख डॉलरही ओलांडले. ज्याला ती वर्षं थांबणं परवडलं त्याचं भलं झालं. हप्तेवाल्याला थांबणं परवडत नाही, आणि तुमचा मुलगा हप्तेवाला आहे. बाकीच्या 'दोन-तीन कॉइन'बद्दल तर बिटकॉइनइतकंही सांगता येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात लुना नावाचं एक चलन काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आलं, आणि ते पुन्हा उठलं नाही. आपल्या पुण्यातही दरमहा १० टक्के, १८ महिने, असं सांगून गेनबिटकॉइनच्या नावाखाली लोकांकडून बिटकॉइन गोळा केले गेले, २०१८ मध्ये पोलिसांनी त्यात अटका केल्या. त्याने घेतलेले बाकीचे कॉइन नेमके कोणते, कुणाच्या सांगण्यावरून घेतले, कुठल्या ग्रुपमध्ये कुणी सुचवले, हे शांतपणे विचारून घ्या.

आता हिशेब. हा मी २६ वर्षं रोज केला, म्हणून तो तुमच्यासाठीही करून ठेवलाय. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर धरलाय, कागद बघून थोडा इकडेतिकडे होईल.

३ लाख, वर्षाला २४ टक्के, ३६ हप्ते. म्हणजे हप्ता साधारण ११,७७० रुपये. तीन वर्षांत तो एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास भरणार. आठ हप्ते गेले असतील तर अजून मुद्दल अडीच लाख बाकी आहे, आणि उरलेले २८ हप्ते मिळून ३ लाख ३० हजार होतात. तिकडे १ लाख ९० हजारांचे कॉइन पुन्हा ३ लाखांवर यायचे तर भाव ५८ टक्के वाढायला हवा. तोही लवकर. आणि वाढला तरी भारतात नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ एप्रिल २०२२ पासून. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. तोटा तुमचा राहतो आणि नफ्यातला वाटा सरकारला जातो. 'सरासरी खाली येते' म्हणणाऱ्या पोराने हा कराचा भाग बघितला नसावा.

याच्या उलट, आज त्याने सगळे कॉइन विकले तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकतानाच कापला जाणारा कर, वजा जाऊन हातात १ लाख ८८ हजार येतील. तो १ टक्का विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो. कर्जाच्या बाकी मुद्दलात कमी पडतील ते साधारण ६२ हजार. मुदतीआधी फेडण्याचा दंड किती, तो कर्जाच्या करारात लिहिलेला असतो, तेवढे वर धरा. त्याला या कर्जातून सुटायला तेवढंच लागतंय, बाई. ४ लाख नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून हेच सांगते. ४ लाख देऊ नका, एक रुपयाही नवीन कॉइनसाठी देऊ नका. निवृत्तीचे पैसे हे तुमच्या दवाखान्याचे, घराच्या गळक्या छपराचे, उद्याच्या दिवसांचे आहेत. त्याने कॉइन विकून कर्ज फेडायचं ठरवलं, तर कमी पडणारे ६०-६५ हजार देण्याचा विचार करायला हरकत नाही. द्यायचेच झाले तर त्याच्या हातात न देता थेट कर्जाच्या खात्यात भरा, आणि कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र मागून घ्या. दरमहा ११,७७० त्याचे वाचतील. त्यातले ५ हजार तुम्हाला परत करायला लावा. वर्ष-सव्वा वर्षात तुमचे पैसे परत येतील. तुम्ही लाजून 'राहू दे रे' म्हणाल, म्हणून आधीच सांगते: म्हणू नका. त्याला ते फेडू द्या. त्याच्या मानासाठी ते गरजेचं आहे.

कर्ज देणारं अ‍ॅप कुठल्या नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं आहे, हे आधी तपासा. करारात त्या संस्थेचं नाव असलंच पाहिजे. हप्ता चुकला तर अशा अ‍ॅपचे लोक फोन करून ओटीवरच्या त्या वसुलीवाल्यासारखंच बोलतात, फक्त ओटी आता मोबाइलमध्ये आलीय. आणि पोरं घाबरून गप्प राहतात, त्या भीतीने आणखी एका अ‍ॅपवरून कर्ज काढतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. मोबाइलमधली नावं-नंबर, फोटो असल्या अ‍ॅपने घेणं चालत नाही. असा काही त्रास सुरू झालेला असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार करा. आणखी कुठे कर्ज आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. पहिल्यांदा विचाराल तेव्हा तो नाही म्हणेल. थोड्या वेळाने पुन्हा विचारा. कर्ज खात्यात माझ्यासमोर बसलेल्या तरुण मुलांपैकी बहुतेकांनी दुसरं कर्ज दुसऱ्या विचारण्याला सांगितलं. पहिल्याला कुणीच सांगत नाही, आणि त्यामागे शरम असते, लबाडी क्वचितच.

गुरुजींचं नाव घेऊन त्याला हरवायला जाऊ नका. 'बघ, गुरुजींच्या आईने काय सांगितलं होतं' असं म्हणाल तर तो पुन्हा वाद घालेल, आणि वाद घालण्यात तो तुमच्यापेक्षा तरबेज आहे. त्याने भांडताना बाजाराच्या पंडितांचं नाव घेतलं नाही, तुमच्या गुरुजींचं घेतलं. २८ वर्षांच्या, पुण्यात एकट्या राहणाऱ्या पोराला अडचणीच्या वेळी श्यामचे वडील आठवले. ते तुम्ही त्याला दिलं होतं. माझ्या मते तो भांडत नव्हता, तो घाबरलाय. श्यामच्या घराचं काय झालं, हे त्याने स्वतःच्या तोंडून तुमच्यासमोर काढलं, याकडे लक्ष द्या.

५ तारखेच्या आधी एक रविवार येतो. त्याला शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी बोलवा. फोनवर हिशेब काढू नका, ये म्हणा, बाकी काही नको. जेवण होऊ द्या. मग कर्जाचा करार, हप्त्यांचा उतारा आणि कॉइनचं स्टेटमेंट, तिन्ही कागद छापून टेबलावर ठेवायला सांगा. मोबाइलवर बघायचं नाही, त्यात आकडा सारखा हलतो. वर लिहिलेला हिशेब तुमच्या अक्षरात एका कागदावर आधीच करून ठेवा. वहीचं कौतुक त्याला आहेच, तर ही वही दोघांसमोर उघडी ठेवा. त्याला वाचू द्या आणि तुम्ही गप्प बसा, कितीही वेळ लागला तरी. विकायचं की नाही, ते त्याच्या तोंडून येऊ द्या.

त्या दिवशी नाही आलं, तरी तुमचा नकार कायम ठेवा आणि त्याला डबा बांधून द्या. पुढच्या हप्त्याच्या आधी मला पुन्हा लिहा. कराराची प्रत जोडलीत तर दंडाचं कलम मी बघून देईन.